मुहूर्ताच्या फाईलचं नाव

माझा व्यवसाय काय आहे हे सुरतेच्या दिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत आजवर कुणालाही समजलेलं नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही. नातेवाइकांच्या मते मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. लग्नाच्या मांडवात कुणीतरी हमखास मोबाईल पुढे करतं, "तुझी लाईनच ती ना, बघ की, फार गरम होतोय." मी तो बंद करते, पुन्हा चालू करते आणि परत देते. बहुतेकदा तो बरा होतो. खानदानातली माझी सगळी प्रतिष्ठा या एका कृतीवर उभी आहे.

खरं काम असं की, एम्ब्रॉयडरीच्या मशीनला एक बोर्ड असतो. सुई कधी खाली जाईल, फ्रेम कुठे सरकेल हे तो ठरवतो, आणि त्याने काय ठरवावं ते मी लिहिते. सी भाषेत लिहिते, आणि अगदीच नाइलाज झाला तर तिच्याही खालच्या, यंत्राच्या स्वतःच्या बोलीत. या कामाला लो लेव्हल म्हणतात. आईला हे एकदा समजावून सांगितलं तेव्हा तिने आधी तव्यावरची भाकरी उलटली. मग तिने काळजीने विचारलं, "आणि वरचं कधी देतील?"

मेमरी समजावणं त्या मानाने सोपं आहे. वडील लूमवर होते तेव्हा आम्ही लिंबायतमध्ये खोल्यांच्या एका ओळीत राहायचो. एका खोलीत एक कुटुंब, मधे पातळ भिंत. मेमरीही तशीच असते. एका खोलीत डिझाइनचं नाव, शेजारच्या खोलीत फ्रेम कुठवर जाऊ शकते तो आकडा, त्याच्या पलीकडे आणखी कुणी. सी ही फार सुसंस्कृत भाषा आहे, ती कुणालाही अडवत नाही. चार माणसांच्या खोलीत तुम्ही दहा माणसं कोंबलीत तर ती मुकाट्याने भिंत पाडते आणि उरलेले सहा शेजाऱ्याच्या अंगावर नेऊन बसवते. शेजारी ओरडत नाही. तो फक्त त्या क्षणापासून वेड्यासारखा वागायला लागतो. ही घुसखोरी शोधायची आणि थांबवायची, याला मेमरी सुरक्षा म्हणतात. जगभर यावर मोठमोठ्या परिषदा होतात, असं ऐकून आहे. सुरतेत यावर "दिवाळीनंतर बघू" असं म्हणतात.

आमची कंपनी कतारगामला आहे. खालच्या मजल्यावर हिरे घासतात, वरच्या मजल्यावर आम्ही बोर्ड बनवतो. मालकांना सगळे सर म्हणतात, कारण ते इंजिनिअर आहेत आणि बोर्डाचा पहिला प्रोग्राम त्यांनी एकट्याने लिहिला. ही कथा नव्या माणसाला पहिल्या दिवशी चहाबरोबर दिली जाते. त्या प्रोग्रामला 'सरांचा कोड' म्हणतात. त्याला हात लावायचा नसतो. त्याच्या आजूबाजूला नवं बांधकाम करायचं असतं, रस्त्यात आलेल्या देवळाभोवती वळसा घालून डांबर टाकतात तसं.

मी लागले त्याच वर्षी मला सरांच्या कोडमध्ये डिझाइनच्या नावाची खोली सापडली. लहान होती, आणि आत येणाऱ्याला कुणी मोजत नव्हतं. मी जाऊन सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"आपल्याकडे डिझाइनचं नाव काय असतं?"

"आर दोनशे चौदा. किंवा तसंच काहीतरी."

"मग एवढं लांब नाव कोण ठेवणार, बेन?"

सर बरोबर होते. बरीच वर्षं ते बरोबर राहिले. बरोबर असणं आणि सुरक्षित असणं यात फरक आहे. पण तो फरक दिसेपर्यंत बरोबर असलेल्या माणसाचा फोटो रिसेप्शनमध्ये लागलेला असतो.

मग गेल्या वर्षी आम्ही गुजराती स्क्रीन काढली. कल्पना चांगली होती, खोटं कशाला बोलू. कारीगरांना आणि शेठ लोकांना इंग्रजी अक्षरांऐवजी आपली अक्षरं दिसणार होती. पण नुसतं चांगलं असून आपल्याकडे भागत नाही, त्याचा गाजावाजा व्हावा लागतो. म्हणून अहमदाबादहून एक सुरक्षा सल्लागार आणले. ते उन्हाळ्यातही कोट घालायचे आणि प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबायचे, जणू वाक्य तिजोरीतून काढावं लागतंय. त्यांनी स्क्रीनला पासवर्ड लावला. सगळ्या मशीनना एकच पासवर्ड, म्हणजे कुणी विसरायला नको. शिवाय बोर्डावर चिकटवायला सोनेरी कुलपाचं स्टिकर काढलं. त्यावर गुजरातीत लिहिलं होतं, "संपूर्ण सुरक्षित, संपूर्ण स्वदेशी, तमारी भाषामां तमारुं मशीन."

मी मीटिंगमध्ये सांगितलं की इंग्रजी अक्षराला मेमरीत एक जागा लागते, गुजराती अक्षराला तीन. सरांच्या कोडमधली नावाची खोली मात्र जुनीच आहे. सल्लागार क्षणभर थांबले. म्हणाले, "हा विचार करण्याची पातळी थोडी खालची आहे. आपण वरून बघू या." सर म्हणाले, "दिवाळीनंतर." नवरात्र लागलं होतं. सुरतेत नवरात्रानंतर उगवणारी प्रत्येक गोष्ट दिवाळीनंतरच असते.

बोर्ड विकले गेले. त्यातला एक उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे भरतकामाच्या कारखान्यात, लागला. माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा तिथेच एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बसतो. भाऊजी शिरपूरकडचे. लग्नाआधीपासून सुरतेत आहेत. कमी बोलतात, आणि बोलले तर मशीनबद्दल. नवी स्क्रीन आली तेव्हा त्यांनी मला अभिमानाने फोन केला होता, "तुमच्या कंपनीचं कुलूप लागलं आमच्याकडे."

इथे मुहूर्ताबद्दल सांगायला हवं. दिवाळीला सुरत बंद पडते आणि लाभपाचमला उघडते. त्या दिवशी काम करत नाहीत, कामाची सुरुवात करतात. दोन्हीत फार अंतर आहे. शेठ सहकुटुंब येतात, मशीनला कुंकू लागतं, नारळ फुटतो आणि मग मुहूर्ताची डिझाइन चालते. ती विकायची नसते. छोटासा साथिया, म्हणजे स्वस्तिक, आणि दोन पावलं, एवढंच. पण फाईल नवी लागते, आणि तिला नावही साजेसं लागतं. या शेठनी पंचिंगवाल्याला, म्हणजे डिझाइनची फाईल बनवणाऱ्याला, ते स्वतः सांगितलं होतं. आधी गणपती, मग कुलदेवी, मग गावचा हनुमान, मग वडिलांचं नाव, मग शुभ, मग लाभ. कुणालाही वगळलं नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मावणार नाही असं ते नाव होतं, आणि ते गुजरातीत होतं, कारण आमच्या कंपनीने आता तशी सोय केली होती.

भाऊजींनी हात जोडले आणि हिरवं बटण दाबलं. फ्रेम साथियाच्या दिशेने जाण्याऐवजी एका झटक्यात कडेला धावली आणि मशीनच्या अंगावर आपटली. ओळीतल्या सगळ्या सुया खाली होत्या, सगळ्या मोडल्या. शेठाणींच्या हातातलं ताट निसटलं.

शेठनी घाबरून न जाता शास्त्रीय पद्धत वापरली. भाऊजींना उठवलं, दुसऱ्या कारीगराला बसवलं, नव्या सुया लावल्या आणि मुहूर्त मोडलाच आहे तर रोजचं काम तरी चालू करू म्हणून आर दोनशे चौदा लावली. मशीन दिवसभर लोण्यासारखं चाललं. यावरून सिद्ध झालं की मशीन उत्तम आहे. माणूसही बदलला होता आणि फाईलही बदलली होती, पण दोष एकालाच द्यायचा तर पगार घेणाऱ्याला देणं सोपं. फाईलमध्ये तर देव होते.

"आ माणसनो हाथ ज पनोती छे," शेठ म्हणाले. सर्वांसमोर.

पनोती हा शब्द ज्याने सुरतेच्या धंद्यात ऐकला नसेल त्याला त्याचं वजन कळणार नाही. आळशी कारीगराला काम मिळतं. दारुड्यालाही मिळतं, लगीनसराईत तर आग्रहाने मिळतं. पनोतीला मिळत नाही. त्याला मशीनवर बसवणं म्हणजे मांजर आडवं गेलेलं दिसत असूनही तेच उचलून घरात आणणं. त्या गल्लीत खात्याला लागून खातं आहे. संध्याकाळपर्यंत शब्द गल्लीच्या शेवटापर्यंत पोचला होता.

दोन दिवसांनी ताई आईकडे आली. मी जेवत होते.

"काय व्हयनं वं?" आईने अहिराणीत विचारलं.

"कुठेच घेत नाहीत त्यांना. काल पाच खाती फिरले. एकाने तर आत पाऊल टाकू दिलं नाही, दारातच पाणी दिलं." ताई माझ्याकडे न बघता सांगत होती. "पलसाण्याच्या मिलमध्ये विचारलंय. रंगाच्या खात्यात माणूस पाहिजे म्हणे."

पलसाण्याच्या रंगाच्या खात्यात सुई नसते, डिझाइन नसते. तिथे वाफ असते, आणि कढत ओला कपडा ओढणारी माणसं असतात. हातात टाक्याची नजर असलेल्या माणसाने उरलेला जन्म तिथे कपडा ओढायचा, हे ताईने सांगितलं नाही. आम्हा तिघींनाही ते माहीत होतं.

"शेजारची म्हणते उतारा करा," ताई म्हणाली. "लिंबू, मिरच्या. शनिवारी."

आईने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि माझ्याकडे पाहिलं. "तू त्याच मशीननी कंपनीमा शे ना? मंग तूच दख ना. का नुसते मोबाईल चालू-बंद करतीस?"

मी भाऊजींना फोन लावला. म्हटलं, बटण दाबल्यावर स्क्रीनवर काय आलं होतं?

"नाव आलं होतं. सगळं नाही आलं. हनुमानापर्यंत आलं आणि पुढे चौकोन चौकोन."

मला एवढं पुरे होतं. पंचिंगवाल्याकडून तीच फाईल मागवली, ऑफिसात टेबलावरच्या बोर्डाला दिली आणि सुरू करून मेमरी उघडून पाहिली. गणपती आणि कुलदेवी आपल्या खोलीत सुखरूप होते. हनुमान उंबऱ्यावर. वडील, शुभ आणि लाभ भिंत पाडून शेजारच्या खोलीत शिरले होते, आणि फ्रेमने कुठे थांबायचं हा आकडा त्यांनी पुसून टाकला होता. इतकी वर्षं या कामात आहे, पण लाभामुळे झालेलं नुकसान मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होते.

सरांकडे गेले. सल्लागारही होते.

"म्हणजे देवाच्या नावामुळे बंद पडतं असं म्हणायचंय तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"कुठल्याही लांब नावामुळे."

"तशी तक्रार एकच आली आहे ना?"

"पनोती एकच सापडली आहे, म्हणून."

सल्लागार थांबले, तिजोरी उघडली. "आपण याला दोष म्हणू नये. ग्राहकाने नामकरणाच्या मर्यादेबाहेर वापर केला, असं म्हणता येईल."

"मर्यादा कुठे लिहिली आहे?"

"ती आता लिहू."

सरांनी चष्मा काढून पुसला. शेवटी म्हणाले, "नव्या आवृत्तीत दुरुस्त करा. गाजावाजा न करता. पण ग्राहकाकडे जाऊन आपलं चुकलं म्हणायचं नाही. एकाला सांगितलं की सगळे बोर्ड परत आणतील."

दुरुस्ती म्हणजे एक ओळ होती. आत येणाऱ्याला मोजा, जागा संपली की दार लावा. ती मी त्याच दुपारी लिहिली. पुढे ती आवृत्ती बाहेर पडली तेव्हा तिच्याबरोबरच्या पत्रकात "वापराचा अनुभव अधिक सुखद केला आहे" असं वाक्य होतं. मशीन सुखद झालं ते तेव्हा, त्या आठवड्यात उधन्याच्या खात्यात जुनाच प्रोग्राम होता. भाऊजीही अजून पनोतीच होते, आणि पलसाण्याहून सोमवारी या म्हणून निरोप आला होता. माणसावर चिकटलेला शब्द नव्या आवृत्तीत निघत नाही.

रविवारी मला सुट्टी असते. कंपनीने ग्राहकाकडे जाऊ नको असं सांगितलं होतं. बहिणीच्या नवऱ्याबरोबर जाऊ नको असं सांगितलं नव्हतं. नामकरणाच्या मर्यादेसारखीच ही मर्यादाही कुठे लिहिलेली नव्हती. नोकरी जाईल का, असं ताईने विचारलं. मी म्हटलं, सरांचा कोड वाचलेली मी एकटीच आहे, सरांनाही धरून, बघू.

खात्याच्या दारात भाऊजी थांबले. आत आले नाहीत. शेठनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि दाराकडे न बघता विचारलं, "बेन, तमे कंपनीमांथी आव्या छो?"

"मुहूर्ताची फाईल परत एकदा चालवून बघायची आहे. सुया काढून. फक्त बटण तुम्ही दाबायचं."

"मी?"

"भाऊजींचा हात खराब आहे ना. मग चांगल्या हाताने बघू."

सगळे कारीगर ऐकत होते. शेठना नाही म्हणणं शक्य नव्हतं. त्यांनी हात पुसला, कपाळाला लावला. "मारो हाथ तो लक्ष्मीनो हाथ छे," असं म्हणून बटण दाबलं.

फ्रेम धावली आणि आपटली. सुया नव्हत्या म्हणून आवाज तेवढा पोकळ आला.

खात्यात कुणी हसलं नाही. दोघांना एकदम बॉबिन भरायची आठवण झाली, एकजण जमिनीवर न पडलेला दोरा शोधू लागला. पनोती कोण, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता आणि उत्तर पगार देत होतं.

शेठ सावरले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "देवाच्या नावाचा काही दोष?" ते खरंच घाबरले होते. त्यांना वाटत होतं, आपल्या श्रद्धेचंच काहीतरी चुकलं. त्या क्षणी मला त्यांचा राग नाही आला.

"देवांचा काही संबंध नाही," मी म्हटलं. मग बोर्डावरच्या सोनेरी कुलपाखालचं वाक्य जसंच्या तसं फाईलला नाव म्हणून दिलं. "आता हे दाबा."

संपूर्ण सुरक्षित, संपूर्ण स्वदेशी मशीन धावलं आणि आपटलं.

या वेळी मात्र सगळे हसले. एक म्हातारा कारीगर मराठीतच म्हणाला, "चला, कुलपालाच पनोती लागली."

मग मी शेठना सांगितलं की आता भाऊजींना आत बोलवा. शेठनी मानेनेच खूण केली. भाऊजी आले, सुया लावल्या, आर दोनशे चौदा घेतली आणि बटण दाबलं. मशीन चालू लागलं. कापडावर पहिलं पान उमटलं, मग देठ, मग दुसरं पान. भाऊजींनी ते बोटाने चाचपून पाहिलं आणि मशीन थांबवलं.

"बस, बस. बेसी जा," शेठ म्हणाले. कोपऱ्यात घागऱ्याच्या तुकड्यांचा ढीग होता. लगीनसराई तोंडावर आली होती.

भाऊजी बसले नाहीत. "गली में बोल दो, सेठ."

"काय बोलायचं? तू आलास ना परत."

"गली में बोलना पडेगा."

ते मोठ्याने बोलले नाहीत. नुसते मशीनजवळ हात मागे बांधून उभे राहिले. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायले. शेठनी ढिगाकडे पाहिलं. ढीगही काही बोलला नाही. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढून शेजारच्या खातेवाल्याला लावला आणि घाईघाईने म्हणाले, "अरे, पेला दिवसे मशीनमां खामी हती, कारीगरमां नहीं. बस, एटलुं ज."

"सेठ, मेरा नाम लेके बोलो," भाऊजी म्हणाले. "और स्पीकर पे."

शेठनी फोन कानावरून काढला, स्पीकर लावला आणि भाऊजींचं नाव घेतलं. आधी नुसतं नाव. भाऊजी तसेच उभे. मग आडनावासकट. मग पूर्ण वाक्य, खामी मशीनची, याची नाही.

पलीकडून आवाज आला, "हा तो, मने तो पहेलेथी ज लागतुं हतुं." पहिल्यापासून तसंच वाटत असलेला हा माणूस तीन दिवसांपूर्वी भाऊजींना दारात पाणी देऊन थांबला होता.

भाऊजी स्टुलावर बसले. पहिल्या सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाले,

"अब उसके बाजूवाले को."

शेठनी पुढचा नंबर शोधायला घेतला.